साथ ओसरल्यावर

साथीच्या रोगाचा इतिहास आपण बहुधा आकड्यांत लिहितो : रुग्ण किती, दगावले किती, साथ कधी संपली. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, हे मला हाँगकाँगच्या सार्स साथीवरील अभ्यास वाचताना प्रकर्षाने जाणवले.

२००३ सालच्या त्या साथीत हाँगकाँगमध्ये १,७५५ रुग्ण झाले आणि २९९ जण दगावले. २३ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने शहराला संसर्गग्रस्त भागांच्या यादीतून वगळले. रोगाचा इतिहास इथे संपतो. पण त्या वर्षी ६५ आणि त्यापुढील वयाच्या लोकांतील आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे सुमारे २८ वरून ३७ वर गेले होते. वाढ विशेषतः स्त्रियांमध्ये दिसली. पुढच्या वर्षीही ते पूर्वीच्या पातळीवर उतरले नाही.

हाँगकाँग विद्यापीठातील पॉल यिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मृत्यूंच्या चौकशीची कागदपत्रे तपासली. रोगाची धास्ती, माणसांपासून तुटल्याची जाणीव आणि आपण घरच्यांना ओझे झालो ही भावना त्यांत आढळली. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्याचा आजार असतोच असे नाही. तरीही या नोंदींचा रोख स्पष्ट आहे. तिथल्या कितीतरी वृद्धांची सकाळ चहाघरात, ओळखीच्या माणसांत जाते. साथीच्या भीतीने उपाहारगृहे ओस पडली, तेव्हा हा आधारही सुटला.

आपल्याकडे २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घरीच राहावे, अशी सूचना निघाली. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठत असतानाही ती कायम होती. दुकाने, कचेऱ्या आधी उघडल्या. बागेतला कट्टा आणि भजनी मंडळ मागे राहिले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नेहमीची पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सत्तरी ओलांडलेल्या वारकऱ्यासाठी दोन वर्षांचा खंड लहान नसतो.

रेल्वेनेही २० मार्च २०२० पासून ज्येष्ठांची भाडेसवलत थांबवली. पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के मिळत असे. साथ ओसरल्यावरही ती परत आली नाही. उलट एसटीने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. बहिणीला भेटायला जाता येणे, हा माझ्या मते मनाच्या आरोग्याचाच प्रश्न आहे. मात्र या निर्णयांची चर्चा तिजोरीच्या अंगाने होते.

या काळाचे एक साधन गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या कपाटांत पडून आहे : हजेरीवह्या. २०१९ आणि २०२२ च्या वह्या शेजारी ठेवल्या, तर गळालेली नावे दिसतील. त्यांतले काही गेले, हे मृत्यूच्या नोंदींवरून कळेल. जे हयात असूनही पुन्हा आले नाहीत, त्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नाही. त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत आणि त्यातल्या पत्त्यांवर कुणीतरी जाऊन यावे.