मेडिकेअर आणि दंतविमा

अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आहे. त्यात दातांच्या नेहमीच्या उपचारांना जागा नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी तिथले वृद्ध जे खासगी आणि सरकारी पर्याय जोडून घेतात, त्या सगळ्यांना ढोबळपणे ‘ज्येष्ठांचा दंतविमा’ म्हणतात. तपासणी, सफाई, सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, कॅप, दात काढणे, कवळी यांपैकी कशाचेही बिल मूळ मेडिकेअर सहसा उचलत नाही. हृदयाची बायपास ती करून देते, गुडघा बदलून देते, डायलिसिसचा खर्च सोसते. त्याच माणसाची दाढ ठणकू लागली, की तो आणि त्याचा खिसा.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. हे गाव माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे. योजनेचे पहिले कार्ड ८१ वर्षांच्या ट्रूमन यांनाच दिले गेले. त्याच कायद्यात ‘काय मिळणार नाही’ याची एक यादी होती. चष्मा, श्रवणयंत्र आणि दात ही तिन्ही त्या यादीत आली. दातांबद्दलचे कलम तर वकिलाने दार लावून कडी घालावी तसे आहे: दातांची निगा, उपचार, भरणे, काढणे, बदलणे, आणि दातांना थेट आधार देणारे जे काही असेल त्यावरचे उपचार, सगळे वर्ज्य. म्हणजे हिरड्याही गेल्या.

त्या काळात हे फारसे कुणाला खुपले नसावे. मेडिकेअर जन्मली ती हॉस्पिटलच्या बिलांच्या धास्तीतून. शिवाय अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या वृद्धांच्या तोंडात तेव्हा स्वतःचा एकही दात उरलेला नसे; म्हातारपण म्हणजे कवळी, हे गृहीतच होते. पुढे पाण्यातले फ्लोराइड, टूथपेस्ट आणि सुधारलेले उपचार यांमुळे चित्र पालटले. आज पासष्टीपुढच्या दर आठ जणांत साधारण एकाच्याच तोंडात एकही दात नसतो. बाकीच्यांच्या तोंडात दात आहेत, म्हणजे किडायला, हलायला आणि तुटायलाही दात आहेत. कलम मात्र १९८० सालची एक सुधारणा सोडली तर होते तसेच आहे. त्या सुधारणेने एवढेच झाले, की दाताच्या कामासाठी रुग्णाला हॉस्पिटलात ठेवावेच लागले तर तिथल्या खोलीचे पैसे मेडिकेअर भरू लागली.

कलमाच्या फटीतून वाट काढण्याचे प्रयत्न सतत चालू असतात. त्यांतला सर्वात विचित्र नमुना किडनीरोपणाचा. नवी किडनी बसवण्यापूर्वी तोंडात जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहणे आवश्यक असते, म्हणून मेडिकेअर तोंडाच्या तपासणीचे पैसे देत असे. तपासणीत सडका दात सापडला, तर तो काढण्याचे पैसे देत नसे. २०२३ पासून नियम सैल झाला. अवयवरोपण किंवा हृदयाची झडप बदलणे यांसारख्या उपचारांशी दाताचे काम अविभाज्यपणे जोडलेले असेल, तर ते मंजूर करावे, असे योजना चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय यंत्रणेने स्पष्ट केले. पुढच्या वर्षी कर्करोगाचे काही उपचार त्यात आले आणि २०२५ पासून डायलिसिसवरचे रुग्ण आले. तरी एक अडचण उरतेच. आजवर मेडिकेअरशी काही देणेघेणेच नसल्याने बहुसंख्य दंतवैद्यांनी तिच्याकडे नाव नोंदवलेले नाही. कागदावर हक्क मिळाला, तरी बिल पाठवू शकणारा डॉक्टर शोधावा लागतो.

केएफएफ या आरोग्यधोरणाच्या अभ्याससंस्थेने २०२१ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, २०१९ साली मेडिकेअरच्या २ कोटी ४० लाख लाभार्थ्यांकडे, म्हणजे जवळपास निम्म्यांकडे, कोणत्याही प्रकारचा दंतविमा नव्हता. २०१८ मध्ये ४७ टक्के लाभार्थी वर्षभरात एकदाही दंतवैद्याकडे गेले नव्हते; कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण ६८ टक्के होते. जे गेले, त्यांनी खिशातून सरासरी ८७४ डॉलर घातले.

पर्यायांत आज सर्वात मोठा आहे मेडिकेअर ॲडव्हान्टेज, ज्याला ‘पार्ट सी’ही म्हणतात. यात सरकार पैसे देते आणि विमा चालवते खासगी कंपनी. २०२३ मध्ये पात्र वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक या वाटेला गेलेले होते, आणि त्यांना तिथे ओढणाऱ्या आमिषांत दात अग्रभागी असतात. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा योजना बदलण्याचा हंगाम. त्या दिवसांत टीव्हीवर जाहिरातींचा पाऊस पडतो. जो नेमॅथ हे एकेकाळचे फुटबॉलपटू फोन नंबर सांगत घराघरांत पोहोचले ते अशाच जाहिरातींतून. दात, चष्मा, श्रवणयंत्र, सगळे शून्य डॉलर हप्त्यात! या जाहिराती इतक्या बोकाळल्या, की सीएमएसला २०२४ च्या योजनांपासून त्यांचे नियम कडक करावे लागले.

‘शून्य हप्ता’ खरा असतो, पण अर्धाच. मेडिकेअरच्या ‘पार्ट बी’चा, म्हणजे डॉक्टरांच्या बिलांच्या भागाचा, हप्ता भरावा लागतोच, २०२५ मध्ये तो महिना १८५ डॉलर होता. आणि दातांचा लाभ किती, हे योजनेच्या जाडजूड पुस्तिकेतल्या एका तक्त्यात दडलेले असते. केएफएफने २०२१ च्या योजना तपासल्या, तेव्हा वैयक्तिक ॲडव्हान्टेज योजनांतल्या ९४ टक्के सदस्यांना काहीतरी दंतलाभ होता. मोठ्या कामांना वर्षाची मर्यादा मात्र सरासरी १,३०० डॉलर. निम्म्याहून अधिक सदस्यांची मर्यादा तर १,००० किंवा त्याहून कमी होती, आणि अशा कामांत सदस्याचा वाटा बहुधा ५० टक्के.

दुसरा पर्याय स्वतंत्र दंतविमा, म्हणजे मूळ मेडिकेअर ठेवून वेगळी विकत घेतलेली पॉलिसी. मेडिकेअरच्या पोटातला रुग्णाचा हिस्सा भरणारा ‘मेडिगॅप’ विमा या कामी येत नाही, कारण मेडिकेअर ज्याला हातच लावत नाही, त्यात हिस्सा कसला? स्वतंत्र पॉलिसीचा साचा ठरलेला आहे. तपासणी आणि सफाईला १०० टक्के, सिमेंट भरण्यासारख्या साध्या कामाला ८० टक्के, कॅप, ब्रिज, कवळी यांना ५० टक्के. मोठ्या कामांसाठी बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर थांबायचे. आणि सगळ्यावर वार्षिक मर्यादेचे झाकण. रूट कॅनॉल कोणती कंपनी साध्या कामांत धरते, कोणती मोठ्या. तोच एक शब्द शेकडो डॉलरचा फरक पाडतो.

हिशोब मांडून पाहावा. एका आजोबांच्या खालच्या दाढेला रूट कॅनॉल आणि वर कॅप लागणार आहे. अमेरिकेत रूट कॅनॉलचे १,२०० आणि कॅपचे १,५०० डॉलर धरले, तर बिल २,७०० चे. दोन्ही कामांना ५० टक्के देणाऱ्या पॉलिसीचा वाटा १,३५० व्हायला हवा. पण वर्षाची मर्यादा १,००० असेल तर कंपनी तिथे थांबते. आजोबांनी द्यायचे १,७००. महिना ४० डॉलर हप्ता असेल, तर वर्षाचे ४८० वेगळे. अनुभवी दंतवैद्याची रिसेप्शनिस्ट यावर तोडगा सुचवते: रूट कॅनॉल डिसेंबरात करू, तात्पुरते सिमेंट भरू आणि कॅप जानेवारीत बसवू. मर्यादा नव्या वर्षात पुन्हा कोरी होते, त्यामुळे पूर्ण १,३५० सुटतात. तेवढे दिवस आजोबांनी दुसऱ्या बाजूने चावायचे.

या साच्याला विमा म्हणावे का, हाच खरा प्रश्न आहे. घराचा विमा लहानसहान डागडुजी मालकावर सोडतो आणि घर जळाले तर धावून येतो. दंतविमा नेमका उलटा वागतो: सफाई फुकट करून देतो आणि मोठे संकट आले की हात आखडता घेतो. त्याची कुळकथा पाहिली तर यात नवल वाटत नाही. १९५४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आणि जहाज मालकांच्या संघाने मिळून कामगारांच्या मुलांसाठी दातांची योजना मागितली. वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी त्यासाठी ज्या संस्था उभारल्या, त्यांतूनच पुढे डेल्टा डेंटल हे देशव्यापी जाळे तयार झाले. नियमित तपासणी आणि किडक्या दातात सिमेंट ही मुलांची गरज. तो सदरा नोकरदारांच्या अंगाला बसला. पंचाहत्तरीच्या माणसाला तो तोकडा पडतो. तिथे गरज असते इम्प्लांटची, ब्रिजची, नाहीतर अख्ख्या कवळीची. नोकरीसोबत मिळालेला दंतविमा निवृत्तीबरोबर बहुधा जातो, ते आणखी वेगळेच.

सवलतकार्ड हा तिसरा प्रकार विमाच नव्हे. वर्षाला ठराविक वर्गणी भरायची आणि यादीतल्या दंतवैद्याकडे दरात सूट घ्यायची. थांबण्याची अट नाही आणि मर्यादाही नाही, म्हणून मोठे काम अंगावर आलेल्याला कधीकधी हेच स्वस्त पडते. काही दवाखाने स्वतःचीच वार्षिक सदस्यता विकतात.

गरीब वृद्धांना मेडिकेअरसोबत मेडिकेडही मिळू शकते. ही केंद्र आणि राज्यांनी मिळून चालवलेली योजना. मुलांचे दात तीत सक्तीने येतात, प्रौढांचे राज्याच्या मर्जीवर. मर्जी म्हणजे काय, ते कॅलिफोर्नियात दिसले: मंदीत, २००९ साली, प्रौढांचे बहुतेक दंतलाभ काढून घेतले गेले, २०१४ मध्ये त्यांतले काही परत आले आणि सगळे परत यायला २०१८ उजाडले. टेनेसीने प्रौढांना दंतलाभ दिला तो थेट २०२३ मध्ये. मेडिकेडचे दर कमी असल्याने अनेक दंतवैद्य तिचे रुग्ण घेत नाहीत.

‘पेस’ हा कार्यक्रम फार थोड्यांना ठाऊक असतो, पण दातांच्या बाबतीत सर्वात उदार तोच. पंचावन्नपुढच्या, नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतकी शुश्रूषा लागणाऱ्या, पण घरीच राहू इच्छिणाऱ्या माणसाची सगळी काळजी एकच पथक घेते, दातांसकट. त्याचे मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या ‘ऑन लोक’ या संस्थेत आहे. १९७१ च्या सुमारास ती उभी करणाऱ्यांत विल्यम गी हे सार्वजनिक आरोग्यसेवेतले दंतवैद्य होते. दंतवैद्याचा हात लागलेल्या योजनेत दात सुटले नाहीत, हा योगायोग नसावा. १९९७ च्या कायद्याने पेसला कायमचे स्थान मिळाले, पण केंद्रे मोजक्याच भागांत आहेत.

माजी सैनिकांपैकी पूर्ण अपंगत्व आलेल्यांना किंवा युद्धकैदी राहिलेल्यांना पूर्ण दंतसेवा मिळते. इतरांना सवलतीत पॉलिसी घेता येते. ज्यांना यांपैकी काहीच जमत नाही, ते दंतमहाविद्यालयांच्या दवाखान्यात जातात, जिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली निम्म्याच्या आसपास दरात काम करतात आणि एका कॅपसाठी तीन-चार दुपारी खर्ची पडतात. उत्पन्न पाहून शुल्क घेणारी सरकारी अनुदानावरची आरोग्यकेंद्रेही आहेत.

कायदाच बदलण्याचा गंभीर प्रयत्न अलीकडे दोनदा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने दात, डोळे आणि कान मेडिकेअरमध्ये घेणारे विधेयक मंजूर केले, पण ते सिनेटमध्ये अडले. २०२१ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी हा मुद्दा लावून धरला, तेव्हा दंतवैद्यांची राष्ट्रीय संघटनाच आडवी आली. लाभ फक्त दारिद्र्यरेषेच्या तिप्पट उत्पन्नापर्यंतच्या वृद्धांना द्यावा, आणि तोही ‘पार्ट बी’च्या बाहेर, असे तिचे म्हणणे होते. अखेर दात आणि डोळे विधेयकाच्या मसुद्यातून गळाले, कान तेवढे राहिले. पुढे तो मसुदाही बारगळला. शेजारच्या कॅनडाने मात्र डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय दंतयोजनेची नोंदणी सुरू केली, आणि ती सुरू केली ८७ वर्षांपुढच्यांपासून.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत हा विषय मुलाने किंवा मुलीने ग्रीनकार्डावर बोलावून घेतलेल्या आईवडिलांमुळे येतो. अमेरिकेत नोकरी न केलेल्या अशा वृद्धांना सलग पाच वर्षे राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. २०२५ मध्ये हॉस्पिटलच्या भागाचा, म्हणजे ‘पार्ट ए’चाच, पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता. एवढे भरूनही दात बाहेरच. तिथे एक चकवा आहे. दातांच्या आमिषाने सुरुवातीलाच ॲडव्हान्टेज घेतले आणि काही वर्षांनी मोठे दुखणे निघाल्यावर मूळ मेडिकेअरकडे परतायचे ठरवले, तर बहुतेक राज्यांत मेडिगॅप कंपनी आजार पाहून नकार देऊ शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन एवढीच राज्ये याला अपवाद. वर्षाच्या दोन फुकट सफाया अशा महागात पडू शकतात. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांच्या प्रवासविम्यात दात असलेच तर अचानक उठलेल्या कळेपुरते, तेही काहीशे डॉलरपर्यंत.

त्यामुळे ‘दातांचं काय ते तिकडेच उरकून या’ हा सल्ला न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत ऐकू येतो. मेडिकेअर परदेशातल्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही, पण दातांचे ती देशातही देत नसल्याने त्याचे कुणाला सोयरसुतक नसते. पुण्या-मुंबईत कॅप आठ-दहा दिवसांत होते, म्हणून ती लग्नकार्याच्या दौऱ्यात बसते. इम्प्लांटचे तसे नाही: स्क्रू हाडात रुजायला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा एका हिवाळ्यात स्क्रू आणि पुढच्या हिवाळ्यात वरचा दात. जाणती मंडळी इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, माप आणि एक्स-रे पासपोर्टच्या पाकिटातच ठेवतात. परतल्यावर तो दात सैल झाला, तर अमेरिकेतला डॉक्टर हात लावण्याआधी तोच कागद मागतो.