कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय?

भाषा समजणे, चेहरा ओळखणे, निर्णय घेणे अशी माणसाच्या बुद्धीची कामे संगणकाकडून करून घेण्याच्या तंत्रज्ञानाला कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) म्हणतात. अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजमध्ये १९५६ साली झालेल्या परिषदेपासून हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या चॅटजीपीटीमुळे ते घराघरांत पोहोचले.

आजची एआय प्रामुख्याने असंख्य उदाहरणांवरून शिकते. त्यामुळे उदाहरणांतच भेदभाव असेल, तर तो निकालातही उतरतो. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. त्या काळी अशा प्रणालींसाठी प्रचलित असलेल्या छायाचित्र संग्रहांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा होता.

म्हणून यंत्र आहे म्हणजे ते निःपक्षपाती असेल, असे मानू नये. नोकरी, कर्ज किंवा शिष्यवृत्ती यंत्राच्या निकालावर ठरणार असेल, तर ते कोणाच्या माहितीवर शिकले आणि त्यात आपण आहोत का, हे विचारलेच पाहिजे.