मेंढपाळ आणि बदलता काळ



ज्युबिली म्हटले की रोषणाई, मिरवणूक आणि स्मरणिका यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात मात्र या शब्दाचा अर्थ फार गंभीर आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्यास परत करावी आणि दास्यात पडलेल्या बांधवास मुक्त करून स्वगृही पाठवावे, अशी इस्राएल लोकांस आज्ञा होती. ज्याचे त्यास परत करण्याचे वर्ष, हाच ज्युबिलीचा मूळ अर्थ होय. तो मनात धरून आम्ही येथे एका प्रश्नाचा विचार करणार आहोत. काळ पालटतो, लोकांची भाषा, धंदे व राहणी पालटते; अशा वेळी ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांनी कसे वागावे? आपल्या प्रांताचा इतिहास पाहता आमची अशी खात्री झाली आहे की, मेंढपाळांनी लोकांचे लोकांच्या हाती दिले तेव्हा श्रद्धेने मूळ धरले, आणि परक्याचे आपल्या मुठीत धरून ठेवले तेव्हा कळपाची पांगापांग झाली.

प्रारंभ गोव्यापासून करणे योग्य होईल. कारण गोव्याची व मुंबईची ख्रिस्तसभा त्या काळी एकाच पोर्तुगीज छत्राखाली होती. इसवी सन १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्वीट गोव्यास उतरले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीची पुराणे अंतरली होती व त्यांच्या जागी ऐकण्यास, गाण्यास काहीच उरले नव्हते, ही उणीव या परदेशी धर्मगुरूने ओळखली. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि तारणाचा इतिहास ओवीछंदात गुंफला. तो ‘क्रिस्तपुराण’ ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. शुभवर्तमानातील एकही सत्य त्यांनी सौम्य केले नाही. ते सत्य ज्या भाषेत लोक गातात, त्या भाषेच्या स्वाधीन केले, इतकेच. परंतु हे औदार्य टिकले नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढून गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे ठरविले. एका मेंढपाळाने दिलेले दुसऱ्या सत्तेने असे हिरावून घेतले.

आता मुंबईकडे वळू. १५३४ च्या तहाने हे बेट पोर्तुगीजांकडे आले; १६६१ च्या विवाहकराराने ते इंग्रजांस मिळाले व १६६५ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष ताबा घेतला. तोपर्यंत फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी येथे देवळे उभारली होती; दादरचे आपले साल्व्हेशन देऊळ १५९६ चे आहे. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर काढून कार्मेलाइट संघास पाचारण केले, आणि येथूनच दोन अधिकारांचा कलह उद्भवला. एक पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार. दुसरा प्रोपागांडा, म्हणजे रोममधील धर्मप्रसार मंडळाचा थेट अधिकार. १७९४ पासून तर मुंबईची देवळे या दोहोंत वाटली गेली.

वास्तविक याच प्रोपागांडाने १६५९ साली आशियात जाणाऱ्या आपल्या बिशपांस बजावले होते की, श्रद्धा व नीती यांस विरोध नसलेल्या लोकरीती बदलू नका आणि युरोपातील देश उचलून तिकडे नेऊ नका. उपदेश उत्तम होता. मुंबईत मात्र मेंढपाळ हद्दीच्या भांडणात गुंतले. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल देवळात बिशप हार्टमन स्वतःस कोंडून घेऊन बसले व अखेर सरकारी अधिकाऱ्यांस मध्ये पडावे लागले! १८८६ च्या करारानंतरही दुहेरी अधिकार उरलाच. तो १९२८ साली मिटला. इतकी वर्षे देऊळ कोणाचे, याचा वाद चालला. देवळात गुडघे टेकणाऱ्या कोळणीला प्रवचन कितपत कळते, हा प्रश्न मागेच राहिला.

त्या काळात लोकांनी स्वतःच आपली वाट शोधली. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा वाड्यावाड्यांत क्रूस उभे राहिले आणि सायंकाळी शेजारीपाजारी जमून त्यांच्यापुढे जपमाळ म्हणू लागले. गिरगावची खोताचीवाडी व माझगावची माथारपाखाडी यांसारख्या वस्त्यांत त्या भक्तीच्या खुणा आजही दिसतात. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक हे प्रॉटेस्टंट पंथाचे. परंतु अभंग व कीर्तन यांच्याद्वारे ख्रिस्त महाराष्ट्राच्या अंगणात कसा येतो, हे त्यांनी सर्वांस दाखविले. आपल्या ख्रिस्तसभेतही १९०३ साली जर्मन जेज्वीट फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले.

भाषा परत करणे तुलनेने सोपे. आसन परत करणे कठीण. १९२८ च्या करारात असे ठरले होते की, मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने एक पोर्तुगीज व एक ब्रिटिश यावा. भारतीय धर्मगुरूस त्यात स्थानच नव्हते. त्यानुसार आर्चबिशप लिमा यांच्यानंतर १९३७ साली इंग्रज जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स आले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आहे, हे त्यांनी ओळखले. १९४६ साली फादर व्हॅलेरियन ग्रेशस यांस साहाय्यक बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती सोपविला व आपण मुंबईतून निघून गेले. १९५० साली पोर्तुगालने आपला हक्क सोडला. त्याच वर्षी रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर होऊन ग्रेशस आर्चबिशप झाले आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल झाले. कोणी ढकलले नसता, वयाची साठीही गाठली नसता, आपली खुर्ची योग्य मनुष्यासाठी रिकामी करणारा अधिकारी संसारात विरळाच, धर्मकारणातही विरळाच.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला व लॅटिनमध्ये चाललेली मिस्सा लोकभाषेत येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. १९७७ साली दादरचे पुरातन साल्व्हेशन देऊळ वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याने नव्या रूपात उभे राहिले. आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. फादर स्टीफन्स यांनी पेरलेले बी चारशे वर्षांनी असे फळास आले.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, आता काम संपले. आम्हांस तसे वाटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर परळ-लालबागचे रूपच पालटले. भोंगे बंद पडले, चाळींच्या जागी मनोरे चढले, कित्येक कुटुंबे वसई-विरारकडे गेली. राहिलेल्यांची मुले इंग्रजी शाळेत शिकतात. आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नातवाला त्यातील निम्मे शब्द उमगत नाहीत. मग मराठी मिस्सा बंद करावी काय? की नातवास बळेच मराठी बाकावर बसवावे?

फादर स्टीफन्स यांचा कित्ता गिरवायचा, तर दोन्ही मार्ग चुकीचे ठरतात. नातू ज्या भाषेत विचार करतो, तीत त्यास ख्रिस्त भेटलाच पाहिजे. परंतु बाके रिकामी दिसतात म्हणून आजीची मिस्सा बंद करणे म्हणजे १६८४ चे फर्मान सभ्य शब्दांत पुन्हा काढणे होय. यास्तव दहाच माणसे आली तरी मराठी मिस्सा चालावी. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात मुलांस आजीच्या प्रार्थना शिकवाव्या. आणि मनोऱ्यात राहावयास गेलेल्या कुटुंबांकडे धर्मगुरूने स्वतः जिने चढून जावे, त्यांनी खाली येण्याची वाट पाहू नये. त्याचप्रमाणे धर्मग्रामाचा हिशेब, शिक्षण व सेवाकार्य यांत प्रापंचिकांनी, विशेषतः स्त्रियांनी व तरुणांनी, केवळ मदतनीस न राहता जबाबदार व्हावे. आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी आसन दिले. आम्हां सामान्य धर्मगुरूंना निदान कपाटाच्या किल्ल्या देता आल्या पाहिजेत.

श्रद्धेचा ठेवा आमचा नव्हे, तो प्रभूचा आहे. त्यात वजाबाकी करण्याचा अधिकार कोणा मेंढपाळास नाही. बाकी सारे तुमचे आहे. या ज्युबिली वर्षी तुमचे काय काय आमच्या हाती राहून गेले आहे, याची यादी तुम्ही आम्हांस निःसंकोचपणे करून द्यावी, आणि ते परत करण्याची बुद्धी व बळ परमेश्वराने आम्हांस द्यावे, हीच प्रार्थना.