मावळी सैन्याचा पोशाख व निशाणे

शिवकाळातील मावळी हशमांची (पायदळ शिपायांची) वस्त्रे, त्यांची निशाणे आणि ती ठरवण्याची साधने यांचा अभ्यास. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हा या अभ्यासाचा गाभ्याचा मुलूख. तोरणा आणि रायगडाआधीची राजधानी राजगड हे गड वेल्ह्यात, तर रोहिडा ऊर्फ विचित्रगड भोरमध्ये. कारीचे कान्होजी जेधे आणि पायदळाचे सरनोबत, भुतोंड्याचे येसाजी कंक हे इथलेच.

साधारण त्याच काळात स्वीडनमध्ये अकराव्या चार्ल्सच्या कारकिर्दीत (१६६०–१६९७) निळा डगला बहुतेक सैन्याचा पोशाख झाला. मराठी सैन्यात असा सरसकट गणवेश नव्हता. बारगिराला घोडा सरकारी मिळे, शिलेदार स्वतःचा आणी; पण अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे. पागोटे, चोळणा आणि कंबरेला कसलेला शेला हा मावळ्याचा रोजचाच वेश लढाईतही असे. शिवाजी महाराजांसोबत चालणाऱ्या निवडक हशमांची गोष्ट वेगळी. त्यांना मंदील, सकलादी कपडा, सोन्यारुप्याची कडी दिल्याचे बखरकार सभासद सांगतो. त्याची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिली गेली; लेखक त्या काळाचा जाणकार असल्याने हा पुरावा मोलाचा आहे.

चित्रांबाबत मात्र जपून राहावे. महाराजांची डच संग्रहांतील चित्रे राजाची आहेत, साध्या हशमाची नव्हेत. मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे, रॉबर्ट मॅबनची रेखाटने आणि १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटनच्या पुस्तकातील रंगीत चित्रे उत्तर पेशवाईची व तिच्या आसपासची. त्यांतला अंगरखा व पगडी राजगडावरच्या पहारेकऱ्याला चढवणे म्हणजे शतकाहून अधिक काळ पुसून टाकणे होय. चित्रपटांनी नेमके हेच केले आहे.

निशाणांत भगवा मुख्य. पेशवाईत जरीपटका मुख्य फौजेबरोबर चाले. तो ज्याच्या स्वाधीन, त्याच्याकडे मोहिमेचे नेतृत्व.

भोर-वेल्ह्याच्या या प्रांतावर पुढे शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचे भोर संस्थान १९४८ पर्यंत नांदले. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने देशमुखी दफ्तरांतून पुष्कळ कागद उजेडात आणले. भोर-वेल्ह्यातील ज्या घरांत मोडी रुमाल अजून बांधलेले असतील, त्यांनी ते जाणकारांकडून वाचून घ्यावेत.