सर्वांचें हित आणि एकाचा बळी

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं परमेश्वराच्या उपकारांचें स्मरण करावें, अशी आपल्या ख्रिस्तसभेची परंपरा आहे. परंतु ते उपकार आपणांस कोणाच्या झळीनें लाभले, हाही विचार वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें. शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं पाण्याचा इतिहास आहे. आणि त्यांत हा प्रश्न जागोजागीं उभा राहतो.

योहानाच्या शुभवर्तमानांत, अकराव्या अध्यायीं, एका सभेचें वर्णन आहे. लोक येशूच्या मागें जाऊं लागले, तेव्हां रोमन लोक येऊन आपलें मंदिर व राष्ट्र नष्ट करतील, अशी भीति पुढाऱ्यांस पडली. त्या वर्षींचा प्रमुख याजक कयफा यानें सल्ला दिला, कीं राष्ट्र वांचवावयाचें तर एक माणूस गेला तरी चालेल. हिशेब बिनचूक दिसतो: एका पारड्यांत एक, दुसऱ्यांत हजारों. तरी निरपराध्याचा जीव गेला, आणि इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर पाडलेंच. ज्या भयापोटीं अन्याय केला, तें भय त्या अन्यायानें टळलें नाहीं.

आतां आपल्या तालुक्यांकडे वळूं. मुंबईची तहान खोटी नव्हती. विहार तलाव १८६० सालीं व तुळशी तलाव १८७९ सालीं झाला, तरी वाढत्या वस्तीस पाणी पुरेना. म्हणून शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर धरण बांधण्यांत आलें व १८९२ सालीं तेथील पाणी नळांवाटे मुंबईस मिळूं लागलें. चाळींत राहणारा गरीब मजूरही तेंच पाणी प्याला. तेव्हां धरण बांधणें हेंच पाप, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न निराळा आहे: ज्यांच्या भूमीवर पाणी चढलें, त्यांस कोणी विचारलें काय, आणि त्यांच्या पदरीं काय पडलें?

हा प्रश्न गर्जून विचारला गेला तो घाटापलीकडे, पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्यांत. टाटांच्या वीज कंपनीनें तेथें नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतलें. ती वीज मुंबईसाठीं होती. सुमारें पन्नास गांवांच्या भातखाचरांवर संकट आलें. १९२१ च्या एप्रिलांत मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' हें नांव याच लढ्यांत मिळालें. सरकारच्या हातीं १८९४ चा भूसंपादन कायदा होता, व 'सार्वजनिक कारण' हा त्याचा परवलीचा शब्द होता. पुण्यांतील कित्येक सावकार रोख भरपाईवर राजी झाले. नांगर धरणाराचें मात्र सर्वस्व गेलें. १९२४ सालीं लढा संपला व पुढें धरण पुरें झालें.

स्वराज्य आलें, तरी ही रीत सहजासहजीं सुटली नाहीं. मुरबाडच्या बाजूस बारवी धरण कारखाने व शहरें यांकरितां १९७२ सालीं झालें, आणि पुढें उंची वाढवितांना आणखी गांवांस उठावें लागलें. शहापुरांत भातसा धरण झालें. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवण सुमारें १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर धरतात. त्यांत एकट्या भातशाची सुमारें ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मी. आणि याच शहापुरांत चैत्र-वैशाख लागला, कीं अनेक गांवांस व आदिवासी पाड्यांस टँकरची वाट पहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे.

तथापि हरलेले लढे फुकट गेले, असें नाहीं. महाराष्ट्रानें १९७६ सालीं पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या कायद्यानें घेतली. मुरबाडमध्यें काळू नदीवरील धरणाचें काम वनखात्याच्या परवानगीवांचून सुरू झालें, तेव्हां श्रमिक मुक्ति संघटनेनें न्यायालयांत धांव घेतली व २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. मुळशीच्या मावळ्यांस जें साधलें नाहीं, तें मुरबाडच्या आदिवासींनीं त्या वेळीं साधलें: त्यांस वगळून हिशेब पुरा होऊं शकला नाहीं.

बलिदान करणें आणि बळी घेणें, हे शब्द एकाच कुळांतले असले तरी त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. कयफा दुसऱ्याचा जीव देत होता. प्रभूनें आपला स्वतःचा दिला. १९४१ सालीं आउशविट्झच्या छळछावणींत अधिकाऱ्यानें दहा कैदी उपासमारीनें मारण्याकरितां निवडले, तेव्हां त्यांतील एकाच्या जागीं संत माक्सिमिलियन कोल्बे स्वखुषीनें पुढें झाले. मृत्यु तोच, परंतु निवडणारा खुनी ठरला आणि देणारा संत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं शिकविलें, कीं सर्वांचें हित तेंच, ज्यांत समूहाबरोबर प्रत्येक व्यक्तीचाही उत्कर्ष साधतो. नव्याण्णव मेंढरें मागें ठेवून एकाच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाची गणना हीच आहे.

वाचकहो, आपल्यांतील कित्येकांचीं मुलें मुंबईस व कल्याणास राहतात. या डोंगरांतील पाणी त्यांच्याही नळास येतें. म्हणून हा दोष परक्यावर ढकलून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. ज्याची भूमि जावयाची त्यास आधीं विचारावें. पाणी चढण्यापूर्वीं त्यास दुसरी भूमि व घर द्यावें. आणि ज्या गांवांतून पाणी जातें, त्या गांवाचा हंडा प्रथम भरावा. ग्रामसभेंत असा विषय निघेल, तेव्हां आपण गप्प बसूं नये. कयफाच्या सभेंतही गप्प बसलेले लोक असतीलच. त्यांत आपली गणना न व्हावी, हीच या महोत्सवीं आमची प्रार्थना.