वाल, परसबागेतील

शेंगवर्गातील वेल (लॅबलॅब पर्प्युरियस, कुल फॅबेसी). कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वालाचे पीक घेतात. परसात मात्र उंच वाढणारा वेलवाल मांडवावर किंवा कुंपणावर चढवतात. पावसाच्या सुरुवातीला शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन बिया २ ते ३ सेंमी. खोल टोकतात. पाणी साचल्यास बी कुजते, म्हणून आळे उंचवट्यावर असावे.

वेल पावसाळाभर नुसताच पानांनी माजतो आणि फुले येत नाहीत म्हणून अनेकजण तो उपटून टाकतात. ही घाई करू नये. पारंपरिक वेलवाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. मग पांढरे किंवा जांभळे तुरे येतात आणि थंडीभर शेंगा मिळतात. उन्हाळी पेरलेला असा वेल म्हणूनच बराच काळ फुलत नाही. मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात; त्यामुळे युरिया देणे अनाठायी ठरते, त्याने पालाच वाढतो.

कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो व त्यापाठोपाठ मुंग्या येतात. शेंडा खुडणे किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. ढालकिडे मावा खातात, त्यांना राखावे.

शेंगा कोवळ्या असतानाच तोडत राहिल्यास बहर लांबतो. बियाण्यासाठी निरोगी वेलावरील काही शेंगा वाळू द्याव्यात. सुके वाल भिजवून, पाणी बदलून, पूर्ण शिजवूनच खावेत. त्यांत सायनाइडजनक द्रव्ये असतात.