वारशाची पेटी

उमरठ हें पोलादपूर तालुक्यांतील एक लहानसें गांव. तानाजी मालुसरे यांची समाधि तेथें आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या लढाईनंतर त्यांचा देह मढेघाटानें येथें आणला, असें परंपरा सांगते. श्रोत्यांना हें ठाऊक आहेच. मला आज बोलावयाचें आहे तें तलवारीविषयीं नव्हे. या खोऱ्यांतील घरांतून एका पिढीकडून दुसरीकडे जाणाऱ्या वाद्यांविषयीं, आणि त्यांतहि विशेषेंकरून अशा एका वाद्याविषयीं, कीं जें वारसाहक्कानें घरीं येतें, पण तेवढ्यानें वाजवितां येत नाहीं.

सिंहगडचा प्रसंग बहुजनांच्या तोंडीं राहिला, तो बखरी वाचून नव्हे. तुळशीदास शाहिराचा पोवाडा पिढ्यान् पिढ्या गाइला गेला, म्हणून रायबाच्या लग्नाची तयारी सोडून निघालेला बाप आजहि आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. असे पोवाडे ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं जमवून १८९१ मध्यें छापून काढले. (वडाळ्याचें कुष्ठरोग्यांचें रुग्णालय ज्यांच्या नांवानें उभें आहे, तेच हे ॲकवर्थसाहेब.) छापखान्याचा हात लागण्यापूर्वीं हें सारें धन डफ आणि तुणतुणें यांच्या संगतींत सुरक्षित होतें. तुणतुण्याला तार एकच. शाहिरानें लाविलेल्या स्वराखेरीज तिच्याकडून दुसरी अपेक्षा नाहीं. मुलगा बापाच्या मागें उभा राहून ती छेडूं लागला, कीं त्याचें शिक्षण सुरू झालें. वाद्य शिकणें आणि पोवाडा शिकणें हीं तेथें दोन निराळीं कामें नव्हतींच.

आज त्याच भागांत सप्ताहाला किंवा देवळांतील भजनाला जाऊन बसावें, तर स्वर धरण्याचें काम पेटी करीत असते. ही पेटी आली कोठून? १८२९ मध्यें व्हिएन्ना शहरीं सिरिल डेमियान यानें ॲकॉर्डियन या वाद्याचें पेटंट घेतलें. त्याची एक कळ दाबली, कीं अनेक सूर एकदम उमटत, आणि त्यावरूनच वाद्यास तें नांव पडलें. पुढें १८४० मध्यें पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यानें हार्मोनियमचें पेटंट मिळविलें. दोहोंचें मर्म एकच: पितळेची एक पातळ जीभ, आणि तिला कांपविणारा वारा. पण देबँची हार्मोनियम पायानें भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाची. तिला बैठकीवर आणून हातानें वाजवितां येईल असें रूप देण्याचें श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांस देतात. आपल्या गायनांत स्वर एकामागून एक येतात, त्यांचे जुडगे नसतात; त्यामुळें डावा हात मोकळा सांपडला, आणि तो भात्याला लाविला गेला. माझ्या मतें या परदेशी वाद्याचें देशीकरण झालें तें याच क्षणीं.

१८८० मध्यें किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. पुढें संगीत नाटकांच्या साथीला ऑर्गन आणि पेटी येऊन बसलीं. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें तर पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्याच. नाटकगृहांतून ही पेटी चाळींत शिरली. गिरणगांवांत राहणाऱ्या कोंकणच्या चाकरमान्यांनीं भजनी मंडळें काढलीं, वर्गणीनें पेट्या घेतल्या, आणि त्यांतल्या कांहीं, मालक थकून गांवीं परतला तेव्हां, त्याच्या ट्रंकेबरोबर घाट उतरल्या.

याच सुमारास विद्वानांनीं मात्र तिला वाळींत टाकण्याचा निश्चय केला. आक्षेप खरा होता. पेटीचे सूर सप्तकाच्या बारा समान भागांवर बसविलेले. आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुति त्यांत सांपडत नाहींत, आणि मींड तर निघतच नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्ससाहेब यांनीं बावीस श्रुतींची पेटी करविली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती विद्वानांपुढें मांडिली. पण घरोघर ती कांहीं गेली नाहीं. अखेर मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या कार्यक्रमांत पेटी वाजविण्यास बंदी केली. ही बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. ज्या तीस वर्षांत नभोवाणीवर पेटीला मज्जाव होता, त्याच तीस वर्षांत खेड्यांतील भजनें तिच्यावांचून अडूं लागलीं! शास्त्र आणि व्यवहार यांची अशी फारकत विरळाच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आजोबांची पेटी माळ्यावरून खालीं काढली, कीं पहिल्यानें गांठ पडते ती पावसाशीं. महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यांत लांकूड फुगतें, पट्ट्या अडकून बसतात, भात्याचें कातडें कडक होऊन वारा सोडतें, आणि झुरळें आंत संसार थाटतात. जुलै २०२१ च्या महाडच्या पुरांत तर घरांतील चीजवस्तूंची दशा दशा झाली. पेटी हातीं लागली तरी ती कारागिराकडे न्यावी लागते. तो पितळी जीभ टोंकाशीं खरवडून सूर चढवितो, मुळाशीं खरवडून उतरवितो. हें काम घरीं करूं नये. एकदां गेलेलें पितळ परत येत नाहीं.

मग भाता. नवशिका उजव्या हाताच्या बोटांकडे पाहतो. परंतु सूर तुटतो तो डाव्या हातामुळें. श्वास जसा नकळत चालतो तसा भाता चालूं लागेपर्यंत अलंकारांना हात घालूं नये, असें मला वाटतें. त्यानंतर जुन्या पट्ट्या निरखाव्या. एखादी काळी पट्टी इतरांहून अधिक गुळगुळीत झालेली असते, शेजारच्या पांढरीवर बोटाचा खळगा पडलेला असतो. घरचा गाणारा कोणत्या स्वरास षड्ज मानून गात होता, याची ही जणूं नोंदच. इतिहासाचा अभ्यासक ताम्रपटावरील अक्षरें लावतो, तशी ही झीज लावतां येते. मात्र चालींची नोंद तींत नाहीं. तुणतुण्याच्या काळीं वाद्याबरोबर गाणाराहि समोर असे. पेटी मात्र गाणारा गेल्यावर एकटी मागें राहूं शकते. ज्यांनीं ते अभंग ऐकले आहेत अशीं वृद्ध माणसें गांवांत हयात आहेत तोंवरच त्यांच्या गळ्यामागून बोटें फिरविण्याची सोय आहे.

आणि शिकणारी जर नात असेल, तर आणखी एक अडचण. पुरुषाचा षड्ज बहुधा काळी एक किंवा काळी दोन. मुलीच्या गळ्याला काळी चार किंवा पांच लागते. म्हणजे झिजलेल्या पट्ट्या सोडून तिला वरच्या, जवळजवळ कोऱ्या राहिलेल्या पट्ट्यांवर षड्ज धरावा लागतो. तेथें कोमल आणि शुद्ध स्वरांच्या जागा बदलतात, अंगठा निराळ्या ठिकाणीं खालून न्यावा लागतो, आणि आजोबांच्या बोटांची सारी वाट तिला मुळापासून पुन्हां बसवावी लागते. महिनाभर हें त्रासदायक वाटतें. पुढें भजनाला बसलेल्या बायका तिच्या पट्टींत सहज गाऊं लागतात, आणि त्या कोऱ्या पट्ट्यांवरहि हळूहळू बोटांचा डाग चढूं लागतो.